तो फोटो तिचा नाही

‘ताई, नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित शाळेत आठवी ‘ब’ची वर्गशिक्षिका आहे. गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत मला बाजूला बोलावून सांगितलं, की तिचा एक घाणेरडा फोटो मुलांच्या फोनवर फिरतोय. चौकशी केल्यावर कळलं, की वर्गातल्याच तीन मुलांनी शाळेच्या फेसबुक पानावरून स्नेहसंमेलनातला तिचा फोटो घेतला, कुठल्याशा अ‍ॅपवर टाकून तिला विवस्त्र दाखवलं आणि आपल्या अकरा जणांच्या ग्रुपवर पाठवला. तिथून तो आणखी पुढे गेला. एका पालकांनी ‘बाई, हे बघा’ म्हणून तो मलाही पाठवला, अजून माझ्या फोनमध्ये आहे. मुख्याध्यापकांनी तिघांना ऑफिसात बोलावून चोप दिला, आता दाखले हातात देतो म्हणतात. पोलिसांत जायला ते आणि संस्थेचे सचिव तयार नाहीत. शाळेचं नाव जाईल, पट कमी होईल, असं त्यांचं म्हणणं. मुलीच्या वडिलांनी तिचाच फोन काढून घेतलाय, चार दिवस ती शाळेत आलेली नाही. आई म्हणते, बाई, वाढवू नका. मी काय करू? आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून शाळेने काय करावं?’
एक वर्गशिक्षिका

बाई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले. ती मुलगी मधल्या सुट्टीत तुमच्याकडे आली. तेरा वर्षांच्या मुलीने अशी गोष्ट मोठ्या माणसाला सांगायची म्हणजे जिवावर येतं. तरी ती आली, कारण तुम्ही तिचं ऐकाल असं तिला वाटलं. पुढे काय घडलं ते एकदा तिच्या जागी उभं राहून बघा. फोन तिचा गेला, शाळा तिची बुडाली, मैत्रिणी तिच्या तुटल्या. आठवी ‘ब’मधल्या बाकीच्या मुली हे सगळं बघताहेत. उद्या त्यांच्यापैकी एखादीला कुणी अनोळखी माणूस इंस्टाग्रामवर धमकावू लागला, तर ती तुमच्याकडे येईल का? मला नाही वाटत. जिने सांगितलं तिचंच नुकसान झालं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आता जे कराल ते ह्या एका कसोटीवर घासून बघा: सांगणाऱ्या मुलीला त्याची किंमत मोजावी लागतेय का?

आणि एक शब्द आधी बदलूया. ‘तिचा घाणेरडा फोटो’ असं तिने म्हटलं, तुम्हीही तेच लिहिलंत. तो फोटो तिचा नाही. तिने तो काढला नाही, कुणाला दिला नाही, त्यातलं शरीरही तिचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४च्या निकालात ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच वापरू नका, बालकांचं लैंगिक शोषण करणारी सामग्री असं म्हणा, असं सांगितलं. कारण जुन्या शब्दात त्या मुलाची त्यात संमती असल्यासारखा वास येतो. न्यायालयाला जे जाणवलं ते तिच्या वडिलांपर्यंत कुणीतरी पोचवायला हवं, आणि ते तुम्हीच पोचवू शकता. घरी जा. वडिलांना सांगा, की तुमच्या मुलीचा चेहरा चोरलाय. ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच आपण कोंडून ठेवतो का?

आता पोलिसांचं. इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पोक्सो कायदा २०१२चा आहे. त्यात २०१९ साली जी व्याख्या घातली गेली, तिच्यात संगणकाने तयार केलेलं किंवा बदललेलं, पण मूल दाखवणारं चित्रही येतं. म्हणजे ‘खरा फोटो नाहीच, अ‍ॅपने केलाय’ हे म्हणणं टिकत नाही. शिवाय मुलांची अशी चित्रं बनवणं-पसरवणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ब आहेच. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळतं, त्या प्रत्येकाने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं असतं. प्रत्येकाने म्हणजे तुम्हीही. मुख्याध्यापक नको म्हणाले म्हणून तुमच्यावरची जबाबदारी उतरत नाही, आणि आई ‘वाढवू नका’ म्हणाली म्हणूनही नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उलट, प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलंय. नोकरीची धास्ती तुमच्या पत्रात ओळींच्या मध्ये दिसते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सचिवांना शाळेच्या नावाची काळजी आहे ना, तर त्यांना बदलापूरची आठवण करून द्या. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथे चिमुकल्या मुलींच्या बाबतीत जे झालं ते अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. त्यात शाळा चालवणाऱ्यांवरही, कळवलं नाही म्हणून, गुन्हा नोंदवला गेला. लोक तिथे रस्त्यावर आले ते घटनेइतकेच तिच्या दडपादडपीमुळे.

करायचं असं. एक साधा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे लिहा. कधी कळलं, कुणाकडून कळलं, काय कळलं आणि आपण पोलिसांना कळवत आहोत, एवढंच. मुलीचं नाव त्यात घालू नका, ‘वर्गातील एक विद्यार्थिनी’ पुरे. आवक-जावक नोंदवहीत नोंद करून पोच घ्या. २०२२ मध्ये शासनाने शाळांना मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमायला सांगितली होती. तुमच्याकडे ती कागदावर तरी असेलच, एक प्रत तिच्यातल्या महिला सदस्यांना द्या. मग पोलीस ठाण्यात जा आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असायला हवा, तसं बाल न्याय कायदा सांगतो. शक्य असेल तर मुख्याध्यापकांना सोबत न्या. ते माणूस वाईट नसतील, घाबरलेले असतील. पण ते येईनात तर त्यांची वाट बघत बसू नका.

ठाण्यात जाण्याआधी मात्र आईला भेटा. तुम्ही तिच्या पाठीमागे गेलात असं तिला वाटलं तर सगळंच फिसकटेल. तिच्या डोळ्यांपुढे पोलीस स्टेशनचं बाकडं आहे, खाकी आहे, गल्लीतली माणसं आहेत. तिला सांगा, की कायद्याने हे तसं व्हायचं नाही. जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. रात्री तिला ठाण्यात थांबवून घेता येत नाही. जबाबाच्या वेळी आईवडील किंवा मुलीचा ज्यांच्यावर विश्वास आहे असं माणूस सोबत असतं. तिने विचारलं तर ते माणूस तुम्ही व्हा. तिचं नाव, शाळा, पत्ता छापायला वा दाखवायला बंदी आहे. तरीही पोलीस म्हटलं की आईचे पाय लटपटत असतील, तर आधी १०९८ वर, बालकांच्या हेल्पलाइनवर, तिला तुमच्यासमोर बोलू द्या. मोफत वकिली सल्ल्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर, महिला व बालकांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते. पण तशी केली तर पुढे तिचं काय झालं ते तपासता येत नाही, म्हणून मी नाव देऊन करा म्हणेन.

तुमच्या फोनमधल्या त्या फोटोबद्दल. तो कुणालाही पाठवू नका. मुख्याध्यापकांना ‘पुरावा’ म्हणून नाही, शिक्षकांच्या ग्रुपवर तर अजिबातच नाही, मुलीच्या आईलाही नाही. अशा प्रकरणांत मोठी माणसं काळजीपोटी किती नुकसान करतात ते बघून मी अनेकदा हळहळले आहे. ‘बघा हो, काय चाललंय’ म्हणत तो फोटो स्टाफरूममध्ये पाच फोनवर जातो, मग त्या पाच घरांत. प्रत्येक ‘बघा हो’ म्हणजे त्या मुलीवर पुन्हा तोच अत्याचार, आणि कायद्याच्या भाषेत पुन्हा तोच गुन्हा. न पुसता, न कळवता असं चित्र जवळ ठेवणंही अंगाशी येऊ शकतं. म्हणून एका कागदावर लिहून ठेवा: कोणत्या नंबरवरून आला, कोणत्या तारखेला, किती वाजता. ज्या पालकांनी पाठवला त्यांना फोन करून सांगा, की पुढे कुणालाही पाठवू नका. ठाण्यात गेल्यावर तो आपल्या फोनमध्ये आहे हे स्वतःहून सांगा, आणि पोलीस सांगतील तसा ठेवा किंवा पुसा. मुख्याध्यापकांनी मुलांचे फोन घेतले असतील आणि रागाच्या भरात त्यातलं पुसून टाकलं असेल, तर तेही लपवू नका. नसेल पुसलं, तर कुणी ते फोन चाळू नका. बंद करून, पाकिटात घालून, पालकांच्या समोर पोलिसांकडे द्या.

फोटो इंस्टाग्राम किंवा फेसबुकवर गेला असेल, तर तिथेच त्याची तक्रार नोंदवा. २०२१च्या आयटी नियमांत अशी चित्रं, बनवलेली असली तरी, तक्रार आल्यापासून २४ तासांत काढायची मुदत कंपन्यांना घालून दिली होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांवर आणली आहे. शिवाय ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सोय आहे, अमेरिकेतली हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था ती चालवते. तिथे फोटो चढवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा इंस्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा ठिकाणी जातो, म्हणजे त्यांना तोच फोटो ओळखून काढता येतो. हे काम मुलीला करायला लावू नका. तिने तो फोटो बघितला नसेल तर कधीच बघायला लागू नये. पोलिसांना विचारून तिच्या आईने किंवा तुम्ही करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या आतल्या गप्पांपर्यंत मात्र ही सोय पोचत नाही. तिथे एकच इलाज आहे, ज्याच्या फोनवर आहे त्याला गाठून थांबवणं. तो ग्रुप अकराच मुलांचा आहे ना? अकरा घरं. दोन संध्याकाळचं काम आहे, आणि ह्या कामात पालक-शिक्षक संघातल्या एक-दोन समजूतदार आया तुमच्यासोबत आल्या तर उत्तम.

आता त्या तीन मुलांचं. तुम्ही त्यांच्याबद्दल फारसं लिहिलं नाहीत, पण तीही तुमच्याच वर्गातली आहेत. मुख्याध्यापकांनी त्यांना मारलं, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ च्या विरुद्ध आहे. दाखले हातात देणं कलम १६ च्या विरुद्ध, आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी मला त्यात शहाणपण दिसत नाही. मार खाऊन मुलं एवढंच शिकतात, की ‘तिने नाव सांगितलं म्हणून मार बसला’. राग तिच्यावर निघतो. आणि दाखला दिलेला मुलगा तोच फोन खिशात घालून शेजारच्या गावातल्या शाळेत जाऊन बसतो. बाल न्याय कायद्याने अशा वयाच्या मुलाला ना कोठडी होते ना तुरुंग. तो बाल न्याय मंडळापुढे जातो. मंडळ त्याला समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवेचं काम देऊ शकतं, पालकांच्या हमीवर सोडू शकतं, आणि पुढच्या आयुष्यात ह्या गोष्टीचा डाग त्याला चिकटू नये अशी तरतूदही कायद्यात आहे. त्यांच्या आईवडिलांना हे सांगा, म्हणजे ते मुलीच्या बापावर दबाव आणायला धावणार नाहीत. आणि ह्या मुलांचं नावही बाहेर जाऊ देऊ नका, त्यालाही कायद्याने तेवढीच बंदी आहे. वर्ग मात्र बदलायला हवा. तुकडी बदलायची तर त्यांची बदला, तिची नाही.

इथे मला माझं स्वतःचं एक सांगावंसं वाटतं. मी एकवीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. तेव्हा फोन नव्हते, वह्यांची मागची पानं होती. नववीच्या वर्गात एकदा एका मुलीचं तसलंच चित्र काढून, खाली तिचं नाव लिहून, चिठ्ठी फिरवली गेली. माझ्या हाती लागली. मी भर वर्गात ती उंच धरली आणि दरडावून विचारलं, कुणी काढलं हे? मुलगा सापडला, मी त्याला बाहेर उभा केला आणि मनात म्हटलं, बरा धडा शिकवला. पण चिठ्ठी उंच धरली तेव्हा ज्या मुलांनी ती पाहिली नव्हती त्यांनीही पाहिली. ती मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आलीच नाही. तिची रिकामी जागा पुढे मार्चपर्यंत माझ्यासमोर होती. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते: वर्गात ह्या प्रकाराबद्दल बोलाल तेव्हा कुणाचं नाव नको, ‘आपल्या वर्गात जे झालं’ असंही नको, आणि ती वर्गात बसलेली असताना तर नकोच.

पण बोलायचं जरूर, आणि मुलग्यांशी जास्त. आपल्याकडे अशा वेळी मुलींना सभागृहात बसवून ‘फोटो टाकू नका, ओढणी नीट घ्या’ असं व्याख्यान होतं. ह्या मुलीने फोटो टाकलाच नव्हता. त्या ग्रुपमधल्या मुलग्यांना वर्गाबाहेर वेगळं बसवून विचारा, की ग्रुपवर असं काही आलं तेव्हा तुम्ही अकरा जण होतात, त्यातल्या एकालाही ‘हे पुसा’ लिहावंसं का वाटलं नाही? उत्तराची घाई करू नका, गप्प बसू द्या. मला खात्री आहे, तीन-चार मुलांना ते वाटलं होतं, पण ‘बायल्या’ म्हणतील ही भीती होती. त्या मुलांना बळ द्यायचं काम शाळेचं आहे. त्यांना हेही सांगा, की कळूनही न सांगितल्याबद्दल कायदा मुलांना शिक्षा करत नाही, त्यामुळे आज उशिरा येऊन सांगितलं तरी चालेल.

तुमचा दुसरा प्रश्न, शाळेने पुढे काय करावं. मुख्याध्यापक म्हणतील, फोनबंदी करू. दप्तरं तपासायला हरकत नाही, पण तो फोटो शाळेत बनला नाही, रात्री कुणाच्या तरी घरी बनला. २०२०च्या टाळेबंदीत आपणच मुलांच्या हाती फोन दिले, अजूनही गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि फाटकाशी मात्र ‘फोन आणू नये’ अशी पाटी लावतो. मुलांना हा दुटप्पीपणा कळतो.

त्याआधी शाळेने स्वतःचं घर झाडावं. तो मूळ फोटो आला कुठून? शाळेच्या पानावरून. तिथे स्नेहसंमेलनाचे फोटो असतील, एकेका मुलीचा जवळून काढलेला चेहरा, खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी. हौसेने टाकलेले असतात, गावाला कौतुक वाटतं, मलाही वाटतं. पण जगातल्या कुणालाही ते उचलता येतात. आजच्या आज बसून ते काढा. पुढे टाकायचे तर लांबून घेतलेला समूहनृत्याचा, खेळाच्या मैदानाचा फोटो टाका, नावं टाकू नका, आणि वर्षाच्या सुरुवातीला पालकांची लेखी संमती घ्या. ‘नाही’ म्हणणाऱ्या पालकाच्या मुलीला नाचातून वगळायचं नाही, फक्त कॅमेऱ्यातून वगळायचं.

दुसरं, तुमच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यात साठ घरांचे नंबर एकमेकांना दिसतात. बऱ्याच घरांत तो नंबर मुलगीच वापरते. तिथून कुणाही मोठ्या भावाला, काकाला तिचा नंबर मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कम्युनिटी करून सूचना तिथल्या घोषणांच्या ग्रुपवर टाकल्या, तर सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनला दिसतात. अर्ध्या तासाचं काम आहे, तुमच्या शाळेतला संगणकाचा शिक्षक करून देईल. जाता जाता त्याला हेही सांगा, की कॉम्प्युटर लॅबमध्ये मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी काढून टाक.

तक्रारपेटी तुमच्याकडेही असेल. ती मुख्याध्यापकांच्या दाराशी असेल तर हलवा. तिथे चिठ्ठी टाकताना मुलीला चार जण बघतात. मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या व्हरांड्यात लावा, आणि किल्ली एका बाईंकडे ठेवा. पण खरं सांगू? पेटीपेक्षा मुली माणसाकडे येतात. तुमच्याकडे आली तशा. शाळेत अशा दोन-तीन बायका ठरवा. त्यात शिपाई मावशी असल्या तरी चालतील, मुलींना त्या पुष्कळदा जवळच्या वाटतात. त्यांना एवढंच शिकवा: मुलगी बोलायला लागली, की आधी ‘तू तिथे गेलीसच का, फोन वापरलासच का’ हा प्रश्न गिळायचा.

आता सोमवारकडे वळते. वडील तिला पाठवतील की नाही, मला सांगता येत नाही. रविवारी तुम्ही स्वतः घरी जा. सोबत दुसऱ्या कुणा शिक्षकाला नेऊ नका. तिचा फोन तिला परत द्या म्हणून वडिलांशी बोला. तिच्या मैत्रिणी त्या फोनमध्येच आहेत, आणि ती आत्ता सगळ्यात जास्त एकटी आहे. तिला म्हणा, ‘तू मला सांगितलंस ते बरोबर केलंस.’ पुढे काय काय करणार आहात ते तिला विश्वासात घेऊन सांगा आणि ती काय म्हणते ते ऐका. ती रडली तर रडू द्या. काहीच बोलली नाही तर बुडालेल्या चार दिवसांच्या गणिताच्या वह्या सोबत न्या आणि तिच्याशेजारी बसून एक उदाहरण सोडवा. सोमवारी ती आली, तर हजेरी घेताना तिच्या नावाशी थबकू नका. रोजच्या सुरात पुकारा आणि पुढच्या नावाकडे जा. नजर तिच्याकडे मधल्या सुट्टीत असू द्या.

ठाण्यात जाऊन आलात की मला लिहा. सचिवांनी त्रास दिला तर तेही लिहा.

तुमची,
ताई